दोन साडू आन दोन व्हॅक्यूम

बायकोच्या पायात किती नंबरची चप्पल बसती ते ज्याला म्हाईत न्हाय, त्यो माणूस व्हॅक्यूम क्लीनरच्या ओढीचं किलोपास्कल तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्येला काय म्हणायचं? आमच्या कोऱ्हाळ्यात त्येला मानसिंगराव म्हणत्यात, आन त्यो माझा नवरा हाय. ऊस बागायतदार, सोसायटीचा सभासद, आन ‘सक्शन मित्रमंडळ, बारामती-इंदापूर’ ह्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन.

हसू नका, ग्रुप खराच हाय. तुमी म्हणाल शेतकऱ्याला ह्ये येड कुठनं लागलं. मोटारीमुळं लागलं. कॅनॉलवर आन हिरीवर मोटारी बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यास्नी सक्शन म्हंजे जीव की प्राण. पाइपानं हवा धरलीय का, फूटव्हॉल्व गळतोय का, ह्येच्यावर ही माणसं सकाळच्या चहापासनं जेवणापर्यंत बोलू शकत्यात. पाणी ओढणाऱ्या मोटारी बघून झाल्या, मग धूळ ओढणाऱ्या आल्या. आन आमच्याकडं धुळीला काय तोटा न्हाय. हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर दारावरनं जात्यात, आन अर्धा रस्ता माझ्या घरात येऊन बसतो.

मानसिंगरावांचं मशीन भारीतलं, परदेशी कंपनीचं. काठीसारखं, वायर न्हाय, आन पुढनं हिरवा उजेड पडतो, त्यात फरशीवरचा कणन् कण दिसतो. ते आमच्या हॉलात टीव्हीशेजारी भिंतीवर टांगलेलं असतं. दसऱ्याला त्येला झेंडूचा हार पडतो. पावणं आलं की ह्ये ते खाली काढत्यात, एवढ्याशा जागेवर फिरवत्यात, डबीतली धूळ सगळ्यांना दाखवत्यात आन परत टांगत्यात. रोज का वापरत न्हाय म्हणून इचारलं तर म्हणे, बॅटरीची चार्जिंगची सायकल वाया जाती. मंग मी आपली केरसुणी घेऊन त्याच मशिनीखाली रोज केर काढती. माझी कंबर वाया गेली तरी तिची सायकल कुणी मोजत न्हाय.

माझी धाकटी बहीण स्वरूपा इंदापूर तालुक्यात दिलीय. तिचा नवरा अविराज, डाळिंबवाला, म्हंजे आमच्या ह्यांचा साडू. त्येचं मशीन स्वस्तातलं, ऑनलाइन सेलमधनं घेतलेलं. चाकं लावलेला लाल डबा आन त्येला हत्तीच्या सोंडंसारखी नळी. ओलं-सुकं दोन्ही ओढतं. आवाज असा, की शेजारची म्हैस दूध चोरती. पण अविराजचं म्हणणं, जे काम तुमचं मशीन लाखाच्या थाटात करतं तेच माझं मशीन बनियनवर करतं. त्येनं बी ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलंय. वॉरंटी हाय म्हणं.

ह्ये दोघं जिथं भेटत्यात तिथं ह्योच विषय. साखरपुडा असू दे, बारसं असू दे. आमच्या चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला घाटावर सगळी कावळा शिवायची वाट बघत व्हती, आन ह्यांचं एकीकडं चाललेलं, की हेपा फिल्टर धुवायचा का झटकायचा. कावळा बी कटाळून उडून गेला आसंल.

तर ह्या दोन मशिनींवर माझा आन स्वरूपाचा डोळा व्हता. बारामतीला दादासाहेबांचं मंगल कार्यालय हाय. लगीन लागलं की तितं अक्षतांचा नुसता सडा पडतो. झाडून फरशीवरच्या निघत्यात, पण गालिच्यात घुसलेल्या आन नवरानवरीच्या सोफ्याच्या खाचंत बसलेल्या निघत न्हाईत. तांदूळ कुजतो, वास मारतो, मुंग्या लागत्यात. स्वरूपाच्या नणंदंच्या लग्नात आमी दोघींनी ते बघितलं, आन दादासाहेबांना जाऊन सरळ इचारलं, की ह्ये काम आमाला देता का. ते म्हणाले, सोफ्याला बारकं मशीन आन गालिच्याला दांडगं मशीन, दोन्ही घेऊन सोमवारी या आन हॉल करून दाखवा. जमलं तर लग्नसराईचं सगळं काम तुमचं. न्हाय आलात तर मी पुण्याची कंपनी बोलावतो.

खरं सांगती, मला ते काम लय पायजे व्हतं. लगीन झाल्यापासनं मी जे काय साफ केलं ते संध्याकाळपातूर परत घाण झालं, आन कुणी ‘छान झालं’ म्हणून सुदिक म्हणलं न्हाय. ज्या कामात माझा हात धरणारं कुणी न्हाय, ते एकदा घराच्या उंबऱ्याभायेर जाऊन, चार लोकांनी बघितलेलं पायजे व्हतं. स्वरूपाचं बी तेच. फोनवर बोलताना ती म्हणाली, ताई, ह्ये जर हुकलं तर मी परत कुणाला काय मागणार न्हाय.

नवऱ्यांना इचारलं. मानसिंगराव म्हणाले, मशीन भाड्यानं फिरवायला त्यो काय ट्रॅक्टर हाय का. अविराजनं वॉरंटीचं कार्ड आणून वाचून दाखवलं. दोघं साडू आयुष्यात पयल्यांदा एकमेकांशी सहमत झाले, आन ते बी आमच्या इरोधात. नवी मशिनं घ्यायला बचत गटाचं कर्ज मिळालं असतं, न्हाय असं न्हाय. पण घरात दोन मशिनं देवासारखी बसलेली असताना आमी कर्ज काढायचं, ह्ये माझ्या डोक्यात शिरंना.

त्याच आठवड्यात आमच्या पुतण्याचं, ऋषिराजचं लगीन झालं, आन शनिवारी आमच्या घरात जागरण-गोंधळ. आमच्याकडं जागरण म्हंजे भंडारा. वाघ्या-मुरळी नाचत्यात, येळकोट चालतो, आन हळदीचा भंडारा असा उधळला जातो की पांढरी फरशी, भिंती, माणसं, चपला, सगळं पिवळंजर्द. सकाळी चहा पिताना मानसिंगराव हॉलच्या उंबऱ्यात उभे राहिले आन त्या पिवळ्या फरशीकडं असं बघत राहिले, जसा दुसरा एखादा माणूस तोडीला आलेल्या उसाकडं बघंल. मागनं अविराज आला. त्येच्या बी डोळ्यात तेच. भंडाऱ्यासारखी बारीक धूळ कुठनं आणणार? रंग पिवळा, लपायला जागा न्हाय, आन सगळीकडं सारखी पसरलेली. एवढी वर्सं भांडण मिटत नव्हतं, ते आज देवानंच मैदान करून दिलं, असं दोघांना वाटलं.

अविराजचं मशीन गाडीच्या डिकीतच व्हतं. ते त्यो लग्नाला बी घेऊन आला व्हता, आता बोला.

मी तिथंच पदर खोचला आन म्हणलं, शर्यत लावा, पण हरंल त्येचं मशीन आमा दोघी बहिणींच्या ताब्यात. एक तर हाताला लागंल, असा माझा हिशेब. दुसऱ्याचं बघता आलं असतं. दोघांनी एकमेकाकडं बघितलं. न्हाय म्हणावं तर आपल्या मशिनीवर भरवसा न्हाय, असं झालं असतं. कबूल झाले.

पंच म्हणून गावातले कुंडलिकतात्या बसले. तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, त्यामुळं जगातली कुठली बी गोष्ट त्यांना वजनात आन रिकव्हरीत कळती. ऊस किती आला आन त्यातनं साखर किती निघाली, तशी फरशीवर भंडारा किती आन डबीत किती आला, ती खरी रिकव्हरी, किलोपास्कल-बिस्कल गेलं खड्ड्यात, असा त्यांनी निकाल दिला. सासूबाईंना, द्वारकाबाईंना, आमी आत्या म्हणतो. आत्या आधी भडकल्या, देवाचा भंडारा नळीनं ओढत्यात का म्हणून. तात्यांनी समजावलं, की पायाखाली तुडवण्यापरीस बरं हाय, आन नंतर सगळा बेलाच्या झाडाखाली टाकू. मंग त्या तयार झाल्या, पण खुर्ची घेऊन मधोमध बसल्या.

हॉलच्या मधनं चुन्याची रेघ मारली. अलीकडं मानसिंगराव, पलीकडं अविराज. ग्रुपातली चार-पाच टाळकी पुढच्या सोप्यात मोबाइल धरून उभी. आन मशिनं सुरू झाली. एक गोष्ट कबूल करती, बघायला लय छान दिसत व्हतं. ह्यांच्या काठीमागं पांढरा पट्टा उमटत जायचा, शेतात सरी पाडल्यासारखा. लाल डबा बोंबलत व्हता, पण त्येचं तोंड मोठं, एका फेरीत परातीएवढी जागा साफ. मी आन स्वरूपा स्वयपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत व्हतो, आन मला वाटलं, आमच्या हातात असतं तर आतापातूर सोपा बी झाला असता.

मधी मानसिंगराव डबी मोकळी करायची म्हणून आत देवघराच्या अंगाला गेले. अविराज पाणी प्यायला म्हणून मोरीकडं गेला, ते डबा घेऊनच गेला. पाणी प्यायला डबा कशाला लागतो ते तवा कुणी इचारलं न्हाय.

झालं. तात्यांनी डेअरीचा इलेक्ट्रॉनिक काटा मांडला. दोन्हीकडचा माल काट्यावर चढला, आन बेरीज झाली ती पावणेदोन किलोच्या वर. आत्या खुर्चीतनं उठल्या. म्हणाल्या, रात्री उधळायला मी सवा किलो आणला व्हता, त्यातला निम्मा लोकांच्या डोक्यावर बसून घरोघर गेला. मग ह्यो कुठला? तात्यांनी चष्मा काढून पुसला.

“शंभराच्या वर रिकव्हरी,” ते म्हणाले, “मी उभ्या आयुष्यात बघितली न्हाय.”

चौकशीला येळ लागला न्हाय. आत्यांनी देवघरात पुढच्या सोमवती अवसेसाठी भंडाऱ्याची एक पुडी न फोडता ठेवली व्हती, ती फाटलेली आन रिकामी सापडली. मानसिंगराव म्हणाले उंदरानं फोडली आसंल. तेवढ्यात काट्यावर ठेवलेल्या अविराजच्या डब्यातनं पिवळं पाणी गळायला लागलं. त्यो म्हणाला हवेत दमटपणा हाय. मला तर हसावं का रडावं कळंना. तोडीच्या आधी उसाला पाणी पाजायचं म्हंजे वजन वाढतं, मोळीत पाचट-माती राहू द्यायची म्हंजे वजन वाढतं, ह्येच ज्यांचं शिक्षण झालंय, त्येंनी दुसरं काय करायचं व्हतं? पण पकडलं गेल्यावर बी दोघं हटंनात. ह्यो म्हणतो त्येनं पाणी घातलं, त्यो म्हणतो ह्यानं पुडी ओतली, आन आपलं सोळा आणे खरं. ग्रुपवाल्यांनी बी दोन गट केले. आवाज इतका चढला की वरातीचा बँडवाला अजून गेला न्हाय का, असं शेजारणीनं येऊन इचारलं.

तात्यांनी हात वर केला आन एकच बोलले. “बेलभंडार उचला.”

आमच्याकडं माणूस कोर्टात खोटं बोलंल, सोसायटीच्या मीटिंगमधी खोटं बोलंल, कॅमेऱ्यापुढं तर रोजच बोलंल. पण बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलत न्हाय. बोलला तर त्येच्या घरादाराचं काय हुईल ते सांगायला लागत न्हाय, ज्याला त्येला आपलं आपलं म्हाईत असतं.

आता पंचाईत अशी, की घरात भंडाराच शिल्लक न्हाय. देवाची वाटी रात्री रिकामी झालेली, पुडी ‘उंदरानं’ खाल्लेली. जो काय व्हता तो मशिनीच्या पोटात. आत्या काय डगमगल्या न्हाईत. परसातनं बेलाचं पान आणलं. देव्हाऱ्यापुढं पाट मांडला, त्यावर मानसिंगरावांच्या मशिनीची पारदर्शक डबी उभी केली, आन वर बेल ठेवला. एकानं शंका काढली, की आजी, ह्यात केसं हायत, एक झुरळ बी दिसतंय, ह्येला भंडारा म्हणायचा का. आत्या म्हणाल्या, देवाचा त्यो देवाचा, झुरळासकट. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. खोटं कशाला सांगू, मी बी पदर डोक्यावर घेतला.

आन त्या येळी माझ्या मनात आलं, ह्यांनी पुडी ओतली का न्हाय, ह्ये इचारून मला काय मिळणार? ते तर सगळ्यांना दिसतंय. कोण जिंकलं ह्येच्यावर परत चार वर्सं भांडतील, आन सोमवारी पुण्याची कंपनी यिल. मानसिंगरावांचा हात डबीकडं निघाला व्हता. मी पुढं झाली. घरातल्या बाप्यांच्या बैठकीत, आत्यांपुढं, मी आजपातूर मोठ्यानं बोललेली न्हाय.

मी म्हणलं, “थांबा. पुडीचं राहू द्या, पाण्याचं बी राहू द्या. लगीन झाल्यापासनं ह्या हातांनी घरातला केर एकदा तरी काढलाय, एवढंच भंडारा उचलून म्हणा. जो म्हणंल त्यो जिंकला.”

मानसिंगरावांचा हात तिथंच थांबला. त्येंनी डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं व्हतं ते चिडतील. चिडले न्हाईत. आठवत व्हते. माणूस खरंच आठवत व्हता हो, कपाळाला आठ्या घालून, कुठंतरी एखादा दिवस सापडतोय का म्हणून, आन त्येला सापडत नव्हता. ते बघून मला राग बी आला आन रडू बी आलं, आन दोन्ही मी येऊ दिलं.

अविराज म्हणाला, स्वरूपा बाळंतपणाला गेली तवा मी एकदा... स्वरूपा मागनं हळूच म्हणाली, तवा माझ्या सासूबाई काढत व्हत्या. मोबाइल धरून उभ्या असलेल्या ग्रुपवाल्यांकडं मी बघितलं, तर एकेकानं मोबाइल खिशात घातला. त्यांस्नी वाटलं आसंल, आता ही आपल्याकडं वळती.

डबी कुणीच उचलली न्हाय.

आत्यांनी थोडा येळ वाट बघितली. मग पाटावरनं डबी घेतली, आन माझ्या हातात दिली. मला वाटलं काहीतरी बोलतील, शाब्बास तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “मी पन्नास वर्सं काढला. कुणी इचारलं न्हाय.” आन आत निघून गेल्या. त्या रडत व्हत्या का नव्हत्या, मी बघितलं न्हाय, बघायचं धाडस झालं न्हाय.

तात्यांनी निकाल दिला, दोघं हरले, दोन्ही मशिनं बहिणींची.

सोमवारी आमी दोघी एसटीनं बारामतीला गेलो, मांडीवर एकीच्या काठी आन एकीच्या डबा. दादासाहेब खुर्ची टाकून समोर बसले. तुमाला मशिनींचं खरं ऐकायचं आसंल तर ऐका, कारण ग्रुपवर कुणी सांगणार न्हाय. भारीतलं मशीन सोफ्याच्या खाचंत घालायला सोन्यासारखं, पण गालिच्याच्या मध्यावर जाईपातूर बॅटरी बसली. स्वस्तातलं मशीन आवाजानं कान फाडतं, पण गालिच्यातली कुजकी अक्षता अशी ओढतं की नळीतनं तडतड वाजत जाती. एकाला जमत न्हाय ते दुसऱ्याला जमतं. दोन्ही लागत्यात. ह्येच्यावर एवढी वर्सं घालवली ह्या दोघांनी.

हॉल झाला. दादासाहेबांनी सोफ्याच्या खाचंत बोट घालून बघितलं, बोट साफ निघालं. गुरुवारच्या लग्नाला या म्हणाले. स्वरूपानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली, आन आमी दोघी त्या भल्यामोठ्या रिकाम्या हॉलात, नवरानवरीच्या सोफ्यावर, जाऊन बसलो. कुणी उठवलं न्हाय.

तितं बसलेलो असतानाच माझा फोन वाजला. मानसिंगराव. आवाज लय बारीक, जवळ कुणी नसावं बहुतेक. म्हणाले, आत्या खुर्ची टाकून बसल्यात, उठंनात. मागनं केरसुणीचा खरखर आवाज येत व्हता आन थांबत व्हता.

“संजीवनी,” ते म्हणाले, “केर भायेरनं आत लोटायचा का आतनं भायेर?”

मी म्हणलं, “आतनं भायेर. आन वाकायला लागतं.”